शेपरवाली कस्तुरा

जयसिंगला झटका आला तेव्हा कस्तुरा निगडीच्या ओटास्कीममधल्या घरी मेथी निवडत बसली होती. भोसरीच्या एमआयडीसीत नवराबायकोचा एक लहानसा गाळा होता आणि त्या गाळ्यात एकच मशीन होतं, शेपर. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाचा फोन आला, "वहिनी, दादा मशीनपाशी खाली बसलेत. उठता येईना. तोंड वाकडं झालंय." मेथी तशीच ताटात टाकून ती रिक्षानं धावली. जयसिंग हॉस्पिटलातून घरी आला, पण उजवा हात आणि वाचा यांच्याशिवायच.

तोवर कस्तुराचा आणि त्या मशीनचा संबंध डब्यापुरता. दुपारी डबा घेऊन जायचं, दारातून हाक मारायची. ती हाक मशीनच्या आवाजात बुडायची, मग ती दाराचा पत्रा वाजवायची. भूम तालुक्यातल्या खेड्यातून लग्न होऊन ती इथं आली तेव्हा जयसिंग कंपनीत कामाला होता. पुढं कंपनी बंद पडली आणि तिथलंच एक जुनं शेपर त्यानं उचलून आणलं. लोक म्हणाले, राव, आता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा जमाना आला, हे जातं कशाला घेतलंस? तो म्हणाला, जात्याशिवाय ज्यांचं अडतं ते येतील. आणि येत राहिले खरे. जुन्या प्रेसचे सुटे भाग, कपलिंगमधली खाच, बिजागरीचा ठोकळा, अशी एकेक नगाची कामं मोठ्या मशीनवाल्यांना नको असत. ती जयसिंगकडे येत.

घरी आल्यावर तो गप्प पडून राही. गप्प तर राहणारच, पण डोळेही गप्प झाले होते. मुलगी साक्षी तेव्हा ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून घ्यायला बसली की तो भिंतीकडे तोंड करी. एके सकाळी कस्तुरा म्हणाली, "लोकांची कामं गाळ्यात पडून हायत. ज्याची त्याला देऊन येते, आणि कुलूप लावते." जयसिंग उठून बसला. डाव्या हातानं त्यानं तिचा पदर धरला आणि सोडेना. शेवटी रिक्षात घालून त्यालाही न्यावं लागलं.

गाळ्यात शिकंज्यात एक बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ठोकळा अर्धवट कापलेला तसाच धरून ठेवलेला होता. जयसिंग स्टुलावर टेकला. त्यानं आधी मशीनकडे बोट दाखवलं, मग कस्तुराकडे.

"मी?" ती म्हणाली. "मला काय येतंय त्यातलं?"

त्यानं पुन्हा तसंच बोट दाखवलं.

शेपर म्हणजे लोखंडाचा रंधा. सुतार फळीवर रंधा पुढं ढकलतो आणि साल निघते, तसंच. फक्त इथं रंध्याच्या जागी बोटभर जाडीचं कडक पोलादी टूल असतं, आणि ढकलायला माणसाच्या खांद्याऐवजी रॅम नावाचा लांबलचक लोखंडी ओंडका असतो. तो मशीनच्या डोक्यावरून पुढं जातो, मागं येतो, दिवसभर. पुढं जाताना कापतो, मागं येताना रिकामा येतो. समोरच्या टेबलावर शिकंजा, शिकंज्यात काम. रॅम एकदा जाऊन आला की टेबल केसभर बाजूला सरकतं आणि पुढची साल निघते. एवढंच. पण हे एवढंच जयसिंगला सांगता येत नव्हतं आणि कस्तुराला नुसतं बघून कळत नव्हतं. चक्राकार फिरणाऱ्या मोटारीतून हे सरळ जाणंयेणं निघतं कुठून, हेच तिला उमगेना. आणि रॅम जाताना सावकाश जातो, येताना मात्र झटक्यात येतो, ते का?

जयसिंगनं मशीनच्या पोकळ खांबाचं झाकण तिला उघडायला लावलं. आत तेलानं काळंभोर झालेलं, परातीएवढं दात्यांचं चाक. त्याला बुल गिअर म्हणतात. चाकाच्या अंगावर एक खुंटी, आणि ती खुंटी एका उभ्या दांड्याच्या खाचेत अडकवलेली. दांडा खाली खिळलेला, वर रॅमला जोडलेला. जयसिंगनं डाव्या हाताचं कोपर टेबलावर टेकलं, हात उभा धरला, आणि मानेनं खूण केली. तिला समजेना. मग त्यानं दातांनीच तिच्या पदराचं टोक ओढून तिला जवळ घेतलं, आणि डोळ्यांनी तिचं बोट, मग आपला हात दाखवला. तिनं त्याच्या उभ्या हाताला आपलं बोट लावलं आणि गोल फिरवू लागली. बोट वर, मनगटाशी असलं की हात हळूहळू कलायचा. बोट त्याच वेगानं फिरत खाली कोपराशी आलं की हात फटकन उलट्या बाजूला जायचा.

तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा तसंच.

"अगोबाई," ती म्हणाली. "खुंटी वर असली की दांड्याला सावकाश रेटते, खाली बुडाशी आली की फटकन मागं आणते!"

जयसिंगच्या घशातून एक आवाज निघाला. हॉस्पिटलातून आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता.

असं तिचं शिकणं सुरू झालं. खुंटी चाकाच्या मध्याकडे सरकवली तर रॅमची धाव आखूड, बाहेर सरकवली तर लांब. एकदा तिनं धाव लांब ठेवली आणि टूल थेट शिकंज्याच्या जबड्यावर आदळलं. पोलादाचा तुकडा उडून तिच्या कपाळाला लागला. ती रडली, तर त्यानं आधी तिचं कपाळ पुसलं आणि मग टूल. टूल जिथं बसवतात तिथं एक बिजागरीसारखी झडप असते, क्लॅपर. मागं येताना ती झडप टूलला हलकेच वर उठू देते, म्हणजे ते कापलेल्या जागेवर घासत येत नाही. हे समजवायला त्यानं तिच्या तळहाताखाली आपलं बोट घातलं आणि उचललं, ठेवलं, उचललं, ठेवलं. बाजूच्या रॅचेटचा, त्या छोट्या दातेरी चाकाचा, आवाज म्हणजे टेबल सरकल्याची खूण, हे त्यानं तिचा हात टेबलावर ठेवून शिकवलं. दोघांची हातांची एक भाषाच होऊन गेली. करंगळी वर म्हणजे कट कमी कर, साल पातळ काढ. मुठीवर मूठ म्हणजे शिकंजा आवळ. कानाजवळ बोटं चोळली म्हणजे ऐक, कुठंतरी कोरडं पडलंय, तेल घाल. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एकमेकांकडे इतकं बघायची वेळ त्यांच्यावर याआधी कधी आली नव्हती.

सहा-सात वर्षं असं चाललं. साक्षीला हिंजवडीत नोकरी लागली, तिचं लग्न झालं, ती मारुंजीला राहायला गेली. आणि एका हिवाळ्यात जयसिंग झोपेतच गेला.

*

माणूस गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात. कस्तुराला घर नाही, गाळा खायला उठला. घरात शेजारणी होत्या, नळाची भांडणं होती, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवरून बोलणं होतं. गाळ्यात काहीच नव्हतं. आजूबाजूची लेथवाली, वेल्डिंगवाली सगळी उठून चाकणकडे गेली होती. त्यांच्या जागी कुरिअरची गोदामं झाली होती, आणि एक काचेचं दार लावलेला कारखाना. त्यात मशीन एसीत बसून आपलं आपण चालायचं आणि माणसं कानाला इअरफोन लावून त्याच्याकडे बघत उभी राहायची. सकाळी टेम्पोवाला काम टाकून जाई, "मावशी, ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवलंय." संध्याकाळी दुसरा उचलून नेई. मधल्या दिवसभरात तिच्या तोंडून एक शब्द निघत नसे. कधी कधी तिचाच हात तिच्या नकळत उठे, करंगळी वर होई, आणि ती खूण बघायला कुणी नाही हे लक्षात आल्यावर ती हात पदराला पुसून खाली घेई.

साक्षी दर रविवारी म्हणे, "आई, पुरे आता. विकून टाक. आमच्याकडे ये."

"बघू की," कस्तुरा म्हणे.

मग एका दुपारी मशीनचा आवाज बदलला. ती एका पट्टीला खाच पाडत होती. रॅम जाताना मध्येच अडखळला, खांबाच्या आतून कडकड असा आवाज आला, आणि तिनं धावत जाऊन मोटार बंद केली. झाकण उघडून टॉर्च मारला तर तेलात दोन तुकडे पडलेले. बुल गिअरचे शेजारशेजारचे दोन दात मुळापासून तुटले होते. तिनं ते तुकडे चिंधीत पुसून हातावर घेतले. बीडाचं आतलं अंग राखाडी, दाणेदार, नाचणीच्या भाकरीसारखं. 

नवं चाक कुठं मिळेना. ज्या कंपनीनं ते शेपर बनवलं होतं ती कधीच उठून गेली होती. काचेच्या दाराच्या कारखान्यातल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, पण म्हणाला, "मावशी, एका नगासाठी एवढं सेटिंग नाही परवडत ओ. जुनंच दुरुस्त करा." कसं करायचं ते तिला माहीत होतं. जयसिंगनं एकदा दुसऱ्याच्या मशीनचं केलेलं तिनं पाहिलं होतं. तुटक्या दातांच्या जागी चाकात तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच पाडायची, तिच्यात बाजूनं ठोकळा सरकवून आवळून बसवायचा, आणि त्या ठोकळ्यातून नवे दात कोरायचे. पण ते कोरायचं शेपरवर. आणि तिचं शेपर तर याच चाकावाचून मुकं पडलेलं. भोसरीत तिनं चौकशी केली. एक शेपर मोडीत गेलेलं निघालं. दुसरं एका हॉटेलवाल्यानं शोभेला दारात ठेवलं होतं, त्यावर कुंड्या होत्या.

गोदामातल्या हमालांना हाताशी धरून तिनं चाक बाहेर काढलं, गोणपाटात बांधून ठेवलं, गाळ्याला कुलूप लावलं आणि ती मारुंजीला मुलीकडे गेली.

*

मारुंजीचं घर अकराव्या मजल्यावर होतं. साक्षी आणि जावई प्रितम दोघंही भले. जेवायला तिच्या आवडीचं करत, औषध विचारत. पण सकाळ झाली की दोघं दोन खोल्यांत लॅपटॉपपुढं बसत, आणि कस्तुरा मधल्या खोलीत. दोन्ही दारांतून इंग्रजी बोलणं येत राही. ती टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघे. दुपारी खाली बागेत जाई. तिथं तिच्याच वयाच्या बायका बसलेल्या असत. कुणी ओडिशातून मुलाकडे आलेली, कुणी आंध्रातून. एकमेकींकडे बघून हसत, नातवंडांकडे बोट दाखवत, पुन्हा हसत. बोलायचं कशात? एकदा एका तेलुगू बाईनं तिचे तळहात हातात घेतले, त्यावरचे काळे भेगाळलेले डाग बघितले आणि च्च् च्च् केलं. कस्तुराला तिला सांगायचं होतं की हे दुःखाचे डाग नाहीत. पण शब्द नव्हते.

एका संध्याकाळी साक्षी खोलीतून बाहेर आली तर आई धुण्याच्या मशीनवर तळहात ठेवून उभी होती.

"काय गं आई? बिघडलंय का?"

"नाही. चांगलं चाललंय." कस्तुरानं हात काढला नाही. "फिरताना जरा एका अंगाला कलतंय, एवढंच."

 साक्षी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून म्हणाली, "आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शेपर होतं. अजून असेल. योगिनी मॅडम आहेत ना तिथं, मी फोन करते."

शनिवारी दोघी ताथवड्याला गेल्या. योगिनी मॅडम साक्षीच्या शिक्षिका. वर्कशॉप रिकामं होतं. शेपर कोपऱ्यात उभं होतं, हिरव्या रंगात रंगवलेलं, प्रत्येक भागावर पांढऱ्या अक्षरांत नाव: बेस, कॉलम, रॅम, टूलहेड, क्लॅपर बॉक्स, क्रॉस रेल, टेबल. त्याचा पट्टा काढलेला होता आणि आतली मोटार दुसरीकडे कुठंतरी लावली होती. कस्तुरानं रॅमवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, तेल लागलं नाही.

"आता हे फक्त दाखवायला आहे हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज ओशाळला होता. "अभ्यासक्रमात एक तास उरलाय याला. पण थांबा. आमच्याकडे दोन होती. दुसरं लिलावात गेलं. चाकणच्या बाजूला, महाळुंग्याच्या एका मिस्त्रींनी नेलं, आणि नंतर त्याचं माहितीपुस्तक मागायला स्वतः आले होते. कोंडाजी नाव त्यांचं. ते चालवत असणार. पुस्तक मागायला कोण येतं नाहीतर?"

*

कोंडाजीचं घर मोठ्या रस्त्यापासून आत, जुन्या गावठाणात होतं. रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली, गावात शिरलं की एकदम शांत. कस्तुरा सहाआसनी रिक्षातून उतरली आणि विचारत विचारत गेली. घराच्या बाजूला गोठा होता. गुरं नव्हती. गव्हाणीच्या जागी शेपर होतं आणि ते चाललं होतं.

एक उंच, वाळका म्हातारा मशीनशेजारी घोंगडीवर बसला होता, अनवाणी. तिनं हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तो दचकून उठला आणि त्यानं मोटार बंद केली.

"कोन पायजे?" तो ओरडून बोलला. "जोरात बोला, ऐकू न्हाई येत. जलमभर प्रेसशॉपात होतो."

तिनं ओरडून सांगितलं. अर्धं त्याला कळलं, अर्धं नाही. सांगता सांगता तिची नजर शिकंज्यात धरलेल्या कामाकडे गेली. बीडाचा साधा ठोकळा. त्याला ना खाच, ना कोन, नुसता सपाट, आरशासारखा. खाली टोपलीभर कीस साठलेला.

"हे काय बनवताय?" तिनं बोट दाखवून विचारलं.

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हणजे?"

"काय न्हाई म्हंजे काय न्हाई." तो हसला. दात थोडेच उरले होते. "म्हातारी गेली. पोरं मोशीला फ्लॅटात ऱ्हात्यात. ह्यो ठोकळा हाय, सकाळी लावतो, थोडा थोडा तासतो. संपला की दुसरा आणीन. आवाज तर मला येत न्हाई. पर चाललं की भुई हालतीया. पायाला कळतं. घरात कोनतरी वावरतंय असं वाटतं."

  कस्तुरानं आपल्या पिशवीतून चिंधीत बांधलेले ते दोन दात काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते उजेडात धरले, अंगठ्यानं तुटलेल्या जागेवरून फिरवले, आणि त्याचा चेहरा कुणाच्या घरी वाईट झाल्यावर होतो तसा झाला.

"आना चाक," तो म्हणाला. "करू."

दुसऱ्या दिवशी ती छोट्या टेम्पोतून चाक घेऊन आली. टेबलाच्या बाजूला उभ्या लोखंडी कोनावर, मधल्या भोकातून दांडा घालून ते चाक बांधायचं होतं, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. तिनं खालून रेटा दिला, कोंडाजीनं वरून नट आवळला. तो काहीतरी ओरडला, ते तिला चाकाआड कळलं नाही. ती ओरडली, ते त्याला कळलं नाही. दोघंही वैतागले. मग तिनं, आपण काय करतोय याचा विचारही न करता, मुठीवर मूठ ठेवली.

कोंडाजी थबकला. त्यानं नट अजून आवळला. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसत मान हलवली.

त्यानंतर त्या गोठ्यात बोलणं झालं नाही. तिनं करंगळी वर केली की तो कट कमी करी. त्यानं हात आडवा हलवला की ती थांबे. ही त्याची स्वतःची खूण होती, ती तिनं लगेच उचलली. खाच पाडून झाली. ठोकळा सरकवून बसवला, दोन्ही अंगांनी स्क्रूनं बांधला. नवे दात कोरायचं टूल तिनं स्वतः घासलं. चाकाच्या शाबूत दोन दातांमधल्या जागेत ते पुन्हा पुन्हा घालून बघत, उजेड कुठून दिसतो ते न्याहाळत, घासत, परत बघत. कोंडाजी शेजारी उकिडवा बसून बघत होता. तो जाड कट घेणारा माणूस. दोनदा त्याचा हात हँडलकडे गेला आणि दोनदा तिनं करंगळी दाखवली. तिसऱ्यांदा त्याचा हात मध्येच थांबला आणि त्यानं आपणहून आपली करंगळी वर केली.

रॅम पुढं जाई, राखाडी कीस झरझर खाली पडे. मागं येई, टूल हलकेच उचललं जाई. कस्तुराला एकाएकी जाणवलं की कितीतरी महिन्यांनी आपण कुणाशी बोललो, आणि आपलं बोलणं कुणाला कळलं.  ती तेलाची झारी आणायला म्हणून बाहेर गेली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. परत आली तेव्हा कोंडाजीनं तिच्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नसेल.

चाक घेऊन तो तिच्यासोबत भोसरीला आला. दोघांनी मिळून ते खांबात बसवलं. हमालांनी उचलायला हात दिला. मोटार सुरू केली. रॅम निघाला, गेला, परत आला. फक्त चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात नव्या दातांपाशी एक बारीक टक् असा आवाज येत होता. कोंडाजीनं खांबाला तळहात लावला, डोळे मिटले, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासून दाखवली. म्हणजे, घासून घासून बसेल.

चहा पिताना तो मोठ्यानं म्हणाला, "ताई, एक सांगू? तुमचं बी मशीन हितनं उचला अन् माज्या गोठ्यात आना. जागा हाय. दोन मशिनी चालतील."

शेजारच्या गोदामातल्या माणसानं वळून बघितलं, एवढा मोठा त्याचा आवाज. कस्तुरा कपाकडे बघत राहिली. तो गोठा तिच्या डोळ्यांपुढं आला, घोंगडी, शेजारशेजार दोन शेपर, पायाखाली थरथरणारी भुई. वाईट नव्हतं. कुणी काही म्हणालं असतं तर म्हणू दिलं असतं, एवढं तिचं वयही झालं होतं. पण त्या चित्रात तिला स्वतःला बसवता येईना. ज्या जागी जयसिंगनं तिच्या बोटाला चाक कसं फिरतं ते शिकवलं, ती जागा इथं होती. तिथून उठून दुसऱ्याच्या रिकामेपणात जाऊन बसलं म्हणजे आपलं रिकामेपण संपतं असं नाही, हे तिला नीट शब्दांत सांगता आलं नसतं. तिनं हात आडवा हलवला. कोंडाजीचीच खूण.

"बरं," तो म्हणाला. पुन्हा त्यानं ते कधी विचारलं नाही.

*

कस्तुरा मारुंजीहून निगडीच्या घरी परत आली आणि तिनं एक केलं. चाकणच्या बाजूनं येणारी कामं तिनं टेम्पोवाल्यांना सांगून कोंडाजीकडे वळवली. "मशीन तेच, हात जुना. ऐकू येत नाही, ड्रॉइंग दाखवा, बास." आधी ते कुरकुरले, मग जाऊ लागले. कधी एखादं काम अर्धं तो करी, अर्धं ती. महाळुंग्याहून आलेला नग गोणपाटातून काढला की ती त्याच्यावरून अंगठा फिरवी. रेषा जराशा जाड असत. कट अजून मोठाच घेतो म्हातारा, ती मनाशी म्हणे. फोन करून सांगण्यात अर्थ नव्हता.

साक्षीनं विकून टाक म्हणणं सोडलं. त्याऐवजी ती रविवारी कधी कधी गाळ्यावरच येई, स्टुलावर बसून लॅपटॉप उघडे. दोघी बोलत नसत, पण घरी जाताना साक्षीच्या कपड्यांना तेलाचा वास येई आणि प्रितम हसे. हे महिन्यातून एखाद्या वेळी. बाकीचे दिवस होते तसेच. कुरिअरच्या गाड्या, काचेचं दार, सकाळी एक टेम्पो, संध्याकाळी एक. नव्या दातांची टकटक कमी होत होत नाहीशी झाली, आणि ती कोणत्या दिवशी थांबली ते कस्तुराच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा तिला उगाच चुकल्यासारखं झालं.

खंडेनवमीला तिनं सकाळी गाळा झाडला, शेपर पुसून घेतलं, हळदकुंकू वाहिलं, रॅमला झेंडूची माळ घातली. नारळ फोडला. आळीत सुट्टी होती. प्रसाद द्यायला गोदामाचा एक वॉचमन सापडला. त्यानं दोन्ही हातांत घेतला, "थँक्यू मावशी" म्हणाला आणि मोबाईलकडे वळला. उरलेलं खोबरं आणि पेढे घेऊन ती बसनं मोशीवरून चाकणला गेली, तिथून महाळुंग्याला.

कोंडाजीनंही मशीन धुतलं होतं. माळ त्याच्याकडेही होती, पण कशी बांधायची ते न समजून शिकंज्यात धरून ठेवली होती. तिनं ती काढून नीट घातली. त्यानं तिला पाट दिला, स्वतः घोंगडीवर बसला. पेढा खाल्ला. मशीन त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून गोठ्यात काहीच हलत नव्हतं. रस्त्यावरून लांब एक कंटेनर गेला तेवढी भुई जराशी थरथरली, आणि दोघांनीही एकाच वेळी खाली बघितलं.

"पोरं यायची व्हती," तो म्हणाला. "उद्या येत्याल म्हनं. दसऱ्याला."

तिनं मान हलवली.

ऊन उतरायच्या आत ती निघाली. चाकणच्या चौकात बसला गर्दी होती, तरी एका मुलीनं उठून तिला खिडकीची जागा दिली. घरी आल्यावर तिनं सकाळची भाजी गरम केली, दोन भाकऱ्या टाकल्या आणि एकटीच जेवायला बसली.